गावात झालेलं कुठलं शिबिर खरंच कामाला आलं?

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

मी कळंब तालुक्यातल्या (जि. धाराशिव) एका साडेतीनशे उंबऱ्यांच्या गावात राहते. चार वर्षं झाली, बचतगटांच्या ग्रामसंघाचा हिशेब माझ्याकडं आहे. त्यामुळं गावात कुठलाही कार्यक्रम असला की सतरंजी अंथरण्यापासून सह्या घेईपर्यंत सगळं माझ्याच अंगावर येतं. काल वही काढून मोजले, तर वर्षभरात अकरा कार्यक्रम झालेत. माती परीक्षण, पोषण माह, आरोग्य तपासणी, मोबाईलवरून पैसे पाठवायचं प्रशिक्षण, अळिंबी, अगरबत्ती, बरंच काही.

अगरबत्तीचं प्रशिक्षण तीन दिवस चाललं. तेहेतीस बायकांना प्रमाणपत्रं मिळाली. आज गावात एकही अगरबत्ती वळली जात नाही. काड्यांचे गठ्ठे ग्रामसंघाच्या खोलीत पडून आहेत आणि त्यांच्याकडं बघितलं की मला वाईट वाटतं, कारण बायका मनापासून शिकल्या होत्या. वळलेला माल घेणार कोण, हे मात्र तीन दिवसांत कुणी बोललंच नाही.

याउलट मे महिन्यात झालेला एक कार्यक्रम जेमतेम दोन तासांचा होता. सोयाबीनची उगवण तपासायची. आमच्याकडं २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नव्हतं, मराठवाडाभर तक्रारी झाल्या होत्या, ती भीती अजून मनात आहे. शिकवायला आलेल्या बाईंनी प्रत्येकीला घरच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून आणायला सांगितले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, वर दुसरं गोणपाट टाकलं, गुंडाळी करून सावलीत ठेवली. रोज पाणी शिंपडायचं. पाचव्या दिवशी त्या स्वतः परत आल्या आणि गुंडाळ्या उघडल्या. माझ्या चुलतसासूबाईंचे बावन्न दाणे उगवलेले. शेजारणीचे एक्क्याऐंशी. सत्तरच्या वर असेल तर नेहमीएवढं बियाणं धरा, कमी असेल तर वाढवा, फारच कमी असेल तर ते पेरूच नका, एवढंच त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी शेजारणीकडून बियाणं घेतलं. त्यांचं रान आज हिरवंगार आहे.

आता प्रश्न असा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी आमची महिला सभा आहे. पुढच्या वर्षी गावात कुठले कार्यक्रम हवेत ते आम्हाला लिहून द्यायचंय. तुमच्या गावात, भागात झालेलं असं एखादं शिबिर सांगा ज्यानं खरंच काही बदललं. आणि का बदललं, तेही सांगा.

---

माणदेशी_गडी | सोमवार, रात्री १०:१२

ताई, आमच्या माण तालुक्याचं सांगतो. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेचं प्रशिक्षण. २०१८ ला आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं पहिला नंबर काढला, पण नंबर न आलेल्या गावांतही काम झालंय. त्यातलंच माझं एक.

गावातून पाच जण चार दिवसांच्या निवासी शिबिराला गेलो. तीन काठ्यांची ए-फ्रेम बांधायला शिकलो, मधोमध दोरीला दगड लटकवायचा आणि दगडाची दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन काठ्यांवर पातळी बघायची, तो हायड्रोमार्कर. दोन्हींना खर्च जवळजवळ नाहीच. परत आलो आणि ८ एप्रिलच्या रात्री बाराच्या ठोक्याला स्पर्धा सुरू झाली, २२ मेपर्यंत. म्हणजे शिकलेलं लगेच डोंगरावर जाऊन वापरायला लागलं. समतल चर (उतारावर एका पातळीत खणायचा चर) चुकला तर पाणी एका टोकाला पळतं, ते पहिल्याच वळवाच्या पावसात सगळ्या गावानं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं.

का चाललं विचाराल तर, एक, शिकणं आणि करणं यात दिवसच गेले नाहीत. दोन, गेलेले पाचही जण वेगवेगळ्या आळीतले होते. एकाच घरातले पाच गेले असते तर बाकीचं गाव खोरं घेऊन आलं नसतं.

---

पोहेवाली_काकू | सोमवार, रात्री १०:३०

अकरा कार्यक्रम म्हणजे चांगलंच की गं! आमच्याकडं तर शिबिराचं नाव काढलं की आधी 'उपमा का पोहे' विचारतात. मीच करते, म्हणून माहीत. पोहे असले की पन्नास माणूस, उपमा असला की तीस.

---

निवृत्त_सहायक | मंगळवार, सकाळी ६:५५

मी कृषी सहायक म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली. मांजराकाठ ताईंनी दोन उदाहरणं दिलीत, त्यातल्या दुसऱ्यात सगळं उत्तर आहे: बाई पाचव्या दिवशी परत आल्या.

कार्यक्रमाची तारीख बहुतेक वेळा गावाच्या सोयीनं ठरत नाही. निधी येतो उशिरा आणि खर्च पडायला हवा मार्चअखेरच्या आत. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये, हरभरा-ज्वारीची काढणी चालू असताना एका आठवड्यात तीन-तीन प्रशिक्षणं येतात. कर्मचारी वाईट असतात असं नाही, त्यांच्यामागंही तगादा असतो. मी स्वतः काढणीच्या दिवसांत शिबिरं घेतली आहेत, आणि रिकाम्या सतरंजीसमोर बोललो आहे.

मला स्वतःला समाधान मिळालं ते शेतीशाळेत. एकाच शेतकऱ्याचा प्लॉट, तेच पंचवीस-तीस जण, पेरणीपासून काढणीपर्यंत ठरावीक अंतरानं वर्ग. वर्ग बांधावर भरतो. प्रत्येक गटानं पाच झाडं बघायची, पानं उलटी करून किडी मोजायच्या, मित्रकीटकही मोजायचे, आणि मग फवारायचं की नाही ते त्यांनीच ठरवायचं. कपाशीत कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले होते. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ-दहा गुलाबी बोंडअळीचे पतंग दिसले तर उपाय करायचा, नाहीतर थांबायचं. एक गृहस्थ रोज सकाळी सापळा मोजून मला आकडा फोनवर सांगायचे, शेतीशाळा संपल्यावरही पुढची दोन वर्षं. त्यांच्या दोन फवारण्या वाचल्या.

एक सुचवतो. महिला सभेच्या ठरावात कार्यक्रमाच्या नावासमोर महिना लिहा. नुसतं 'बीजप्रक्रिया प्रशिक्षण' लिहू नका. 'बीजप्रक्रिया, मेचा शेवटचा आठवडा' असं लिहा.

---

वणीचा_बाप्पा | मंगळवार, सकाळी ९:२०

सर, शेतीशाळेबद्दल आदर आहे, पण एक गोष्ट बोलतोच. शेतीशाळेत येतो जमिनीचा मालक. पाठीवर पंप घेऊन फवारतो तो मजूर. तो त्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात असतो.

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली. त्यात मजूर किती होते ते आम्ही जवळून बघितलं. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, फवारा वर मारायचा म्हणजे तोच अंगावर यायचा. त्यानंतर शिबिरांचा पाऊस पडला. मास्क, हातमोजे, चष्मे वाटले. सगळे सकाळी अकराला, पंचायतीत. मजूर अकराला कसा येणार? रोज बुडवून?

मग आमच्या गावातल्या आशाताईंनी (आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा कार्यकर्तीनं) आणि दोन पोरांनी रात्री साडेआठला मजुरांच्या वस्तीवर, समाजमंदिरात बैठक घेतली. बायकापोरांसकट. पंपात नुसतं पाणी भरलं, त्यात निळ टाकली आणि एका पोराला पांढरा सदरा घालून वाऱ्याच्या दिशेनं आणि वाऱ्याविरुद्ध चालायला लावलं. विरुद्ध चालला तर सदरा निळा. कुणाला काही सांगायची गरजच पडली नाही. त्याची माय पुढं येऊन सदऱ्यावर हात फिरवून बघत होती. दुसऱ्या दिवसापासून बायकाच नवऱ्याला विचारायला लागल्या, वारा कुठून आहे, आंघोळ केली का, फवारणीचे कपडे वेगळे धुतले का.

म्हणून माझं म्हणणं, महिन्याबरोबर वेळही लिहा ताई. आणि जागा.

---

निवृत्त_सहायक | मंगळवार, सकाळी ९:४८

वणीचा_बाप्पा, तुमचं बरोबर आहे. माझ्या हजेरीपत्रकात मजुराचं नाव क्वचितच असायचं. निळीचा प्रयोग मला माहीत असता तर मी प्रत्येक गावात केला असता.

---

दूरदेशी | मंगळवार, दुपारी १२:०५

मी मूळचा लातूरचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत. धागा वाचून राहवलं नाही. आम्ही काही मित्र मिळून दहा शिलाई मशीन देऊ इच्छितो. ग्रामसंघाला थेट देता येतील का? प्रशिक्षणाचा खर्चही उचलू.

---

मांजराकाठ | मंगळवार, दुपारी १:३०

दूरदेशी दादा, तुमचं मन मोठं आहे, म्हणून खरं तेच सांगते. गावात आत्ता चौदा शिलाई मशीन आहेत. त्यातली नऊ बंद आहेत. कुणाचं शटल खराब, कुणाचा पट्टा तुटलेला. दुरुस्तीवाला कळंबला, मशीन न्यायला रिक्षाचं भाडंच दुरुस्तीपेक्षा जास्त. आणखी दहा आली तर त्यांचंही तेच होईल अशी भीती वाटते.

---

टाचणी | मंगळवार, दुपारी २:१५

बार्शीत माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. मांजराकाठ ताईंना अनुमोदन.

दादा, शिलाई मशीन चालवायला येणं आणि शिवणकामावर घर चालणं यात फार अंतर आहे. तीन महिन्यांच्या वर्गात ब्लाउज शिवायला शिकवतात, पण गावातली बाई लग्नाचा ब्लाउज शिकाऊ बाईकडे टाकत नाही, बाजारातच आणते. पैसा कशात आहे सांगू? पिको-फॉल. साडी घेतली की पिको-फॉल हवाच, त्यात माप चुकायची भीती नाही, आणि गावातल्या सगळ्या साड्या आज तालुक्याला जातात. पण पिकोचं मशीन वेगळं येतं आणि ते कुठल्याच वाटपात नसतं. गावात तसं एक मशीन पुरे होईल.

आणि दुसरं, एका मुलीला मशीन दुरुस्ती शिकवा. मला माझ्या वडिलांनी शिकवली. शटल काढून साफ करणं, बॉबिन केसचा स्क्रू लावणं, टाइमिंग बसवणं. आठ दिवसांत येतं. ती नऊ बंद मशीनं महिन्यात चालू होतील. माझ्याकडे पाठवा, दुकानात बसवून शिकवीन, पैसे नकोत.

---

दूरदेशी | मंगळवार, दुपारी २:५०

टाचणी ताई, हे मला कुणी सांगितलं नसतं. एक पिको मशीन आणि मुलीचं जाण्यायेण्याचं भाडं, जेवण, आमच्याकडून. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

---

कलमी_हापूस | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

कोकणातून थोडं. आमच्याकडे कोय कलमाचं शिबिर दरवर्षी पावसाळ्यात होतं आणि ते कधीच वाया जात नाही. कोयी रुजत घालायच्या, रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस असतानाच शेंडा छाटून चीर द्यायची आणि हापूसची पाचर बसवून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. हात बसला की बाई दिवसाला शेकड्यांनी कलमं बांधते आणि रोपवाटिकेत कलमामागे मजुरी मिळते. म्हणजे शिबिर संपलं की दुसऱ्या दिवशी काम तयार. तुमची अगरबत्ती आणि आमचं कलम यात फरक एवढाच, की इथे रोपवाटिका आधी होत्या आणि शिबिर मग आलं.

---

पाटी_पेन्सिल | मंगळवार, रात्री ९:३५

मी जालना जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. सगळेजण शिकवायच्या शिबिरांबद्दल बोलताहेत. माझा अनुभव वेगळ्या कार्यक्रमाचा आहे, पण मला वाटतं गावात सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे: कागदपत्रांचं शिबिर.

आमच्या शाळेजवळ एक आजी राहतात. नवरा गेला, मुलगा नाही, दुसऱ्याच्या रानात आयुष्यभर खुरपलं. संजय गांधी निराधार योजनेतून त्यांना महिना दीड हजार मिळायचे. एक दिवस बंद झाले. बँकेत गेल्या तर म्हणे आधार जोडलेलं नाही. आधार जोडायला गेल्या तर यंत्रावर अंगठा उमटेना. मी सोबत होतो. त्या पोरानं दहाही बोटं लावून बघितली, ओल्या फडक्यानं पुसली, परत लावली. आजींची बोटं काचेसारखी गुळगुळीत. खुरपं धरून, ज्वारी काढून, धुणी-भांडी करून रेषाच राहिल्या नव्हत्या. आजी त्याला म्हणाल्या, "लेकरा, माझी बोटं आहेत रं ही, खोटी नाहीत." मला तिथं बोलायला शब्द सुचेना.

अशा पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला एसटी, आणि एक दिवसाचं काम बुडालेलं.

मग आम्ही शिक्षकांनी, तलाठी आणि ग्रामसेवक दोघांनाही विनंती करून, शाळेत एक दिवस ठरवला. तलाठी उत्पन्नाचे दाखले द्यायला (निराधार योजनेला वार्षिक २१,००० च्या आतलं उत्पन्न लागतं), ग्रामसेवक रहिवासी आणि मृत्यूचे दाखले द्यायला, आधार केंद्राचा माणूस डोळ्याचं स्कॅन करणारं यंत्र घेऊन, आणि बँकेचा प्रतिनिधी. चौघे एकाच व्हरांड्यात, एका ओळीत. सातवीच्या मुलांनी अर्ज भरले. आजींचं काम डोळ्यांच्या स्कॅनवर पंचवीस मिनिटांत झालं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट जणांची अडलेली कामं पुढं सरकली.

यात नवीन योजना काहीच नव्हती. पैसेही लागले नाहीत, चहा सोडला तर. फक्त चार माणसं एका दिवशी एका ठिकाणी आली. ताई, तुमच्या ठरावात हे लिहाच. आणि 'डोळ्यांच्या स्कॅनचं यंत्र' हे शब्द जसेच्या तसे लिहा, नाहीतर नुसतं अंगठ्याचं येईल.

---

पोहेवाली_काकू | मंगळवार, रात्री ९:५०

सर, डोळ्यात पाणी आलं वाचून. माझ्या सासूबाईंचं हेच झालंय, श्रावणबाळचे पैसे अडकलेत. आमच्याकडं असं शिबिर कुणी घेत असेल तर पोहे माझ्याकडून, शंभर माणसांचे.

---

चारा_पाणी | बुधवार, सकाळी ७:३०

+१ कागदपत्रांच्या शिबिराला.

---

माजी_सरपंच | बुधवार, सकाळी ८:४०

पैशाचं बोलू, कारण ते कुणी बोललं नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. समजा घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वर्षाला तीन लाख जमा झाले, तर महिला-बालकल्याणाचे तीस हजार झाले. रक्कम लहान आहे, पण ती तुमची आहे आणि तिचा हिशेब विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बहुतेक गावांत मार्च उजाडला की त्यातून घाईनं काहीतरी वस्तू घेतली जाते.

दुसरं, महिला सभा ही कुणाची मेहेरबानी नाही. ग्रामसभेआधी ती घ्यायची, आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेपुढं ठेवायच्या, अशी तरतूद आहे. ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी ती. तुमच्या गावात शंभर माणसं हवीत. त्यात साठ बायका असल्या तर ठराव अडवायला कुणाची छाती होत नाही, हा माझा अनुभव. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते तिथंच वाचून घ्या, नंतर नको.

---

वैनगंगा | बुधवार, सकाळी १०:१५

मी थोडं वेगळं मत मांडते. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात लेखा-मेंढा आहे, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (जंगलावर गावाचा हक्क) मिळालेलं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि गावासोबत काम केलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्याकडून शिकण्यासारखी जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती म्हणजे अभ्यासगट. एखादा प्रश्न आला की ज्यांना रस आहे ते बसतात, बाहेरच्या जाणकाराला गरज पडली तर बोलावतात, आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते. बहुमत मोजत नाहीत, एकाचा विरोध असला तरी थांबतात.

मला वाटतं आपण यादी करताना 'आम्हाला कुठलं शिबिर द्या' असं विचारतो, तिथंच गडबड होते. आधी आपला प्रश्न काय ते गावानं शोधायला हवं. अगरबत्ती हा कुणाच्या प्रश्नाचं उत्तर होतं?

---

चारा_पाणी | बुधवार, सकाळी १०:४०

वैनगंगा ताई, मेंढा लहान गाव, एका समाजाचं. आमच्या गावात चार आळ्या, दोन पॅनेल, तीन मंडळं. सर्वसहमतीनं ठरवायचं म्हटलं तर कलमी_हापूस यांचं कलम झाड होऊन आंबे देईल तोवर आम्ही बसलेलो असू.

---

वैनगंगा | बुधवार, सकाळी ११:०५

सगळ्या गावाची सहमती अवघड आहे, मान्य. पण दहा बायकांचा अभ्यासगट अवघड नाही. मांजराकाठ ताईंनी वही काढून अकरा कार्यक्रम मोजले, तो अभ्यासच आहे की.

---

धोंडा | बुधवार, रात्री १०:२०

मी उमरगा तालुक्यातला. हा धागा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, माझं पण लिही. म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराचा किल्लारीचा भूकंप. मी सहा वर्षांचा होतो. आमचं गाव पूर्ण पडलं नाही, पण घरांना भेगा गेल्या. ज्यांची घरं अशी अर्धीमुर्धी राहिली त्या गावांसाठी दुरुस्ती-मजबुतीचा कार्यक्रम आला. त्यात गावोगाव बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कार्यकर्त्या यायच्या. माझी आई सातवी शिकलेली, डोक्यावरचा पदर ढळू न देणारी, ती संवाद सहायक झाली.

शिक्षण कुठं झालं माहितीये? आमच्याच घराच्या भिंतीपाशी. आमच्याकडची जुनी घरं दगड-मातीची, भिंत दोन-अडीच फूट जाड. पण ती जाडी म्हणजे दोन वेगळ्या भिंती असतात, आतली आणि बाहेरची, मधे माती नि दगडाच्या कपच्या. हादरा बसला की दोन्ही एकमेकींपासून सुटतात, आणि वर माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या छताच्या, मातीचं सगळं ओझं. ते खाली येतं. म्हणून माणसं झोपेत दबली. गवंड्यानं एक दगड काढून आईला आतली पोकळी दाखवली. मग दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा लांब आरपार दगड कसा बसवायचा, कोपऱ्यात भिंती कशा गुंतवायच्या, भिंतीवरून पट्टा कसा फिरवायचा, माळवदावरची माती का कमी करायची, ते सगळं तिनं हातानं करून घेतलं.

नंतर ती घरोघर बायकांना सांगत फिरली. पुरुषांना पैसे लवकर हवे होते, बायकांना घर पक्कं हवं होतं, असं ती म्हणते. आज ती अडुसष्ट वर्षांची आहे. कुणाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेली तरी आधी कोपऱ्यावर हात फिरवून बघते आणि मगच पाटावर बसते. सून बघायला गेलो होतो तेव्हासुद्धा तिनं आधी भिंत बघितली, मुलगी नंतर. (मुलगीही आवडली, आता ती माझी बायको आहे.)

इतक्या वर्षांनीही विसरली नाही, कारण ते तिच्या स्वतःच्या घराचं शिक्षण होतं. आणि तिला ते दुसऱ्यांना सांगायचं काम दिलं होतं. सांगणाऱ्याला विसरता येत नाही.

---

पाटी_पेन्सिल | बुधवार, रात्री १०:४५

शेवटचं वाक्य वर्गात फळ्यावर लिहावं असं आहे. आईंना नमस्कार सांगा.

---

मांजराकाठ | बुधवार, रात्री ११:१५

धोंडा दादा, तुमच्या आईंना माझाही नमस्कार. आमच्या गावात अजून चाळीसेक माळवदाची घरं आहेत. मागच्या सप्टेंबरच्या झडीत एक भिंत कोसळली, शेळ्या दबल्या, माणसं ओसरीत होती म्हणून वाचली. कुणाच्या यादीत हा विषय कधी आलाच नाही. माझ्याही नाही.

महिला सभा झाली की सांगते काय झालं ते.

---

मांजराकाठ | शनिवार, १६ ऑगस्ट, रात्री ८:५०

उशीर झाला, पण सविस्तर लिहायचं होतं.

महिला सभेला एकाहत्तर बायका आल्या. आम्ही ती संध्याकाळी साडेसातला ठेवली, स्वयंपाक उरकल्यावर. मी या धाग्यातली सगळी उदाहरणं एकेक करून सांगितली. आजींच्या बोटांचं सांगितलं तेव्हा मागून चौघी-पाचजणींनी आपापले हात पुढं करून दाखवले. यादी तिथंच झाली, माझ्या डोक्यात होती त्यापेक्षा वेगळी. पहिल्या नंबरवर कागदपत्रांचं शिबिर आलं. दुसऱ्यावर बियाण्याची उगवण चाचणी, मेचा शेवटचा आठवडा, आणि पाचव्या दिवशी परत येणं, हे शब्द ठरावात लिहिले. तिसरं फवारणीचं, रात्री साडेआठला, वस्तीवर. चौथं घरांच्या भिंतींचं.

काल ग्रामसभेत कोरम भरला, एकशे अठरा. महिला-बालकल्याणाच्या पैशातून गावाच्या वेशीजवळ बाकडी बसवायचं काहींच्या मनात होतं. त्यावर तासभर वाद झाला. आवाज चढले. शेवटी कागदपत्रांचं आणि बियाण्याचं मंजूर झालं, इतिवृत्तात लिहिलेलं मी तिथंच वाचून घेतलं, माजी_सरपंच काका, तुमची आठवण काढून. फवारणीच्या शिबिराला 'बघू' म्हणाले. ते आम्ही आमच्या गावच्या आशाताईंना घेऊन आमचं आम्हीच करणार आहोत, निळ आणि पांढरा सदरा एवढंच लागतं. भिंतींच्या विषयाला पैसे नाहीत म्हणाले.

टाचणी ताई, आमच्या गटातल्या एकीची मुलगी सोमवारी तुमच्याकडं येतेय. गणित चांगलं आहे तिचं, हातही चपळ आहे.

आणि धोंडा दादा, एक विचारायचं होतं. आईंची तब्येत ठीक असेल तर एक दिवस आमच्याकडं येतील का? त्यांनी नुसतं चार घरांच्या भिंतींवरून हात फिरवून दाखवावा, बाकीचं आम्ही शिकू. गावातला गवंडी सोबत असेल. राहायची, जेवायची सोय माझ्या घरी.

---

धोंडा | शनिवार, रात्री ९:३०

विचारलं. आई म्हणते, मंगळवारी येते, बुधवारी तिचा उपास असतो. कळंबपासून तुमच्या गावाला एसटी किती वाजता आहे तेवढं कळवा. आणि एक लांब दगड आधी काढून ठेवायला सांगितलाय गवंड्याला, दीड हाताचा.